रेघ आधी ओढायची

कोठीच्या दप्तरखान्यात पंखा लावायचा नाही,
कागद उडतात.
मेच्या उकाड्यात कोपराखाली टीपकागद घेऊन
मी मोडीतून बाळबोधीत उतरवते
कोण कसं गेलं.

राजा मरत नाही, कैलासवासी होतो;
त्या दिवशीची शाईसुद्धा जास्त काळी.
सरदार कामास येतो.
शास्त्रीबुवांना देवाज्ञा होते.
शिपाई ठार, एकगठ्ठा,
शेवटचं शून्य कसरीनं खाल्लेलं:
तीस की तीनशे?
अंदाजानं टाका, म्हणतात साहेब,
आणि डबा उघडतात.

घोडी चंद्री, अबलख, उमर सात,
पोटात वारा धरून पहाटे पडली.
तिला नाव आहे, वेळ आहे,
वैदूचे सव्वादोन रुपये आहेत.
तिच्याखाली, त्याच हातानं:

कुणबीण एक. खर्ची पडली.

भिंग घेतलं. खिडकीपाशी नेलं.
मोडी फसवते, लपेटीत अक्षराचं अक्षर होतं,
मला वाटलं दुसरंच काही निघेल.
निघालं नाही.
खर्ची. जसं दिव्याचं तेल, जशी वैरण.

कारखानीस सर हसायचे माझ्या अशा थांबण्याला.
म्हणायचे, अगं, पोथीतला वीर बघ,
अंगाची चाळण झाली तरी अध्यायभर बोलतो,
ऐकणारा आधी दमतो.
जुन्या नाटकात मरणाला रंगमंचावर घेत नसत,
बाहेर काढून ठेवायचे, चपलांसारखं;
कुणीतरी धापा टाकत येऊन सांगायचं, बस.
बखरीत आधी धूमकेतू हवा,
घुबड हवं, कळसाला घाम हवा.
फुकट कुणी मरतच नाही तिथं.
फुकट मरतात ती
जमाखर्चात.

सर गेले सयाजी हॉस्पिटलात, खाट चौदा.
धूमकेतू नव्हता.
विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी होती,
पण ती मगर बघायला.
मी पोचले तेव्हा सिस्टर विचारत होती,
काका, पाणी पीशो?
ते काही बोलले नाहीत.
बोट टेकवलं चादरीवर
आणि डावीकडून उजवीकडे, काठापासून काठापर्यंत,
न उचलता, एक रेघ.

पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं त्यांनी:
रेघ आधी ओढायची, पानभर, एका दमात.
अक्षरं मागाहून टांगायची,
जेवढी मावतील तेवढी.

मी वाट पाहिली अक्षरांची.
सिस्टरनं चादर ओढून नीट केली.

वॉर्ड ऑफिसात कारकुनानं विचारलं, धंधो?
म्हटलं, जुने कागद वाचायचे.
त्यानं लिहिलं: नोकरी.
आणि छापखान्यात जाहिरातीचा दर शब्दावर.
इतकी क्रियापदं माहीत असलेली मी,
रांगेत उभी राहून एकेक खोडत गेले:
देवाज्ञा महाग नाही, पण सरांना देव चालत नसे;
दुःखद निधन, दोन शब्दांचे पैसे.
शेवटी ठेवलं: वारले.
पावती घेतली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली,
आणि दांडिया बाजारापर्यंत चालत आल्यावर कळलं
की मीही त्यांना खर्चात टाकलं.

पूर्वी अशा पत्राला वर श्री नसायचं,
वाचलं की फाडायचं, घरात ठेवायचं नाही.
आमचं काम उलटं.
ठेवायचं. ओलीपासून जपायचं.
डांबरगोळ्या घालायच्या.

आज परत तेच रुमाल सोडले.
कुणबिणीला नाव देता येत नाही मला,
कागदात नाही ते लिहायचं नाही,
सर वरून ओरडतील. (वरून म्हणजे माळ्यावरून.
ते तिथंच बसायचे.)

मग रेघ ओढली वहीत, पानभर.
लिहिलं, कुणबीण एक.
मग तीन बोटं जागा.
मग, खर्ची पडली.

साहेबांनी जाता जाता वाकून पाहिलं:
इथं कागद फाटलाय का?

नाही, म्हटलं.
रेघ आहे की.